पडद्यावरचं स्वमग्न मूल आणि आपल्या आळीतलं

(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज सिनेमाबद्दल बोलायचं आहे. सिनेमा काय करू शकतो, हे मांडव्याच्या बायांना वेगळं सांगायला नको. १९९० साली 'अग्निपथ' आला, अमिताभ बच्चनने पडद्यावरून आपल्या गावाचं नाव घेतलं आणि मांडवा देशभर पोचलं. २०१२ मध्ये तीच गोष्ट हृतिक रोशनला घेऊन पुन्हा आली. त्यातलं मांडवा म्हणजे बेटावरचं गाव. तिथं कांचा नावाचा गुंड गावाला भुलवतो, आणि शाळेच्या मास्तरांना झाडाला लटकवून मारलं जातं. आणि या दुसऱ्या सिनेमातलं गाव उभं केलं होतं दीवला! आपलं मांडवा काही बेट नाही, इथं कांचाही नाही. इथं जेट्टी आहे, गेटवेची लाँच आहे, २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून येणारी रो-रो आहे आणि शनिवार-रविवारी पाहुण्यांची झुंबड आहे. तरी एखादा पाहुणा जेट्टीवर उतरताना हसत विचारतोच, "कांचाचं मांडवा ते हेच का?"

आपण हसून सोडून देतो. गावाचं त्यात काही बिघडत नाही. पण पडद्यावर गावाऐवजी एखादं मूल असलं, आणि त्या पडद्यावरच्या मुलावरून लोक आपल्या घरातल्या मुलाची पारख करायला लागले, तर मात्र बिघडतं. म्हणून आजचा विषय असा: ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेली माणसं सिनेमात, मालिकांत आणि पुस्तकांत कशी दाखवली जातात, आणि ते बघून आपण काय घ्यावं, काय सोडावं.

स्वमग्नता म्हणजे काय?

आधी दोन शब्दांत ओळख करून घेऊ. स्वमग्नता हा संसर्गाचा रोग नाही, वेड नाही, बाहेरची बाधा नाही. काही मुलांच्या मेंदूची घडण सुरुवातीपासूनच वेगळी होते. दुसऱ्याशी बोलणं, नजरेला नजर देणं, समोरच्याच्या मनातलं ओळखणं त्यांना अवघड जातं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करावीशी वाटते. रोजचा क्रम बदलला की जीव कासावीस होतो. आवाज, उजेड, कपड्याचा स्पर्श, एखादा वास त्यांना आपल्यापेक्षा फार जास्त जाणवतो, किंवा फार कमी. लाँचचा भोंगा वाजला की कानावर हात ठेवून ओरडणारं मूल, हळदीच्या रात्री बँजो सुरू झाला की घरातल्या कोपऱ्यात जाऊन बसणारं मूल हट्टी असतंच असं नाही. तो आवाज त्याला खरोखरच सोसत नसेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात शंभर-सव्वाशे माणसांमागे एकाला स्वमग्नता असते. म्हणजे आपल्या पंचक्रोशीतही अशी मुलं आहेत, मोठी माणसंही आहेत. कुणी खूप बोलतं, कुणी एक शब्दही बोलत नाही. कुणी शाळेत पहिलं येतं, कुणाला शर्टाची बटणं लावायला आयुष्यभर मदत लागते. दोन स्वमग्न मुलं एकसारखी नसतात, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सिनेमा गडबड करतो ती इथंच.

'स्वमग्न' हा आपला मराठी शब्द घ्या. स्वतःत बुडालेला, असा त्याचा अर्थ. शब्द छान आहे, पण तोही एक चित्रच उभं करतो. जणू या मुलाला आपली गरजच नाही, आईबापाची माया त्याला कळतच नाही. तसं नसतं. यातल्या पुष्कळ मुलांना माणसं हवी असतात, माया कळते. ती दाखवायची त्यांची रीत वेगळी असते. एखादं मूल मिठी मारणार नाही, पण आई धुणं धूत असली की तिच्या शेजारी येऊन गुपचूप बसेल. ती त्याची मिठी.

'याला काय येतं?'

जगभरच्या लोकांच्या मनात ऑटिझमचं चित्र ज्याने कोरलं, तो अमेरिकेतला १९८८ चा 'रेन मॅन' हा सिनेमा. त्यातला रेमंड संस्थेत राहणारा स्वमग्न माणूस. जमिनीवर सांडलेल्या काड्या एका नजरेत मोजून सांगतो, पत्त्यांचा अख्खा खेळ ध्यानात ठेवतो. रेमंडचं काम करणाऱ्या डस्टिन हॉफमनला ऑस्कर मिळालं, सिनेमालाही मिळालं. हे पात्र ज्याच्यावरून सुचलं, तो किम पीक नावाचा खराखुरा माणूस होता. त्याची स्मरणशक्ती अचाट होती, वाचलेली पुस्तकं त्याच्या डोक्यात जशीच्या तशी राहायची. पण त्याला कपडे घालायलाही वडिलांची मदत लागायची. आणि पुढे डॉक्टरांच्या लक्षात आलं, की किमला ऑटिझम नव्हताच, त्याच्या मेंदूची रचना दुसऱ्याच कारणाने वेगळी होती. म्हणजे जगाने ज्याच्यावरून ऑटिझम ओळखला, त्या माणसालाच तो नव्हता!

पण चित्र एकदा मनात बसलं की बसलं. २००८ च्या 'युवराज'मध्ये अनिल कपूरचा स्वमग्न भाऊ संगीतात असामान्य. २०१० च्या 'माय नेम इज खान'मधला रिझवान मोडलेली वस्तू हातात आली की दुरुस्त करतो. अशी विशेष देणगी असलेली माणसं असतात, नाही असं नाही. पण बहुतेक स्वमग्न मुलांकडे असं काही नसतं, जसं तुमच्या-माझ्या बहुतेक मुलांकडे नसतं.

याचा घरात काय परिणाम होतो, ते बघा. पाहुणे येतात आणि आईला विचारतात, "मग याला काय येतं? गणित? चित्रं?" आई म्हणते, "काही नाही." एका प्रश्नात ती बाई दोनदा खाली मान घालते. एकदा मूल वेगळं म्हणून, आणि दुसऱ्यांदा ते सिनेमातल्यासारखं वेगळं नाही म्हणून. त्या मुलाने आज पहिल्यांदा स्वतःच्या हाताने भात खाल्ला असेल, तहान लागल्यावर तांब्याकडे बोट दाखवलं असेल. घरासाठी तो दिवाळीचा दिवस. पण 'काय येतं' या प्रश्नाच्या उत्तरात ते बसत नाही.

'माय नेम इज खान'मधली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. रिझवान बोरिवलीत वाढतो. त्याची आई त्याला जमेल तसं, त्याच्या कलाने शिकवते. पण त्याचं नेमकं काय वेगळं आहे, हे कळतं तो मोठा होऊन अमेरिकेला गेल्यावर, शिकलेल्या भावजयीमुळे. आईने सगळं केलं, पण तिला नाव सांगणारं कुणी भेटलं नाही. आपल्याकडच्या कितीतरी आयांची हीच गोष्ट आहे.

एक जादू आणि सगळं ठीक

दुसरं चित्र आहे बरं होण्याचं. २००३ चा 'कोई... मिल गया' आपण सगळ्यांनी पोरांबरोबर बघितला. रोहितची बुद्धी लहान मुलाएवढी, मग आकाशातून जादू येतो आणि रोहित हुशार होतो, धडधाकट होतो, खेळात जिंकतो. ती स्वमग्नतेची गोष्ट नाही. आपला १९९१ चा 'चौकट राजा' हीसुद्धा नाही. दिलीप प्रभावळकरांचा नंदू लहानपणीच्या अपघाताने तसा झालेला. तो सिनेमा चांगलाच आहे, नंदू आणि त्याची आई बघून कितीजणींनी पदराने डोळे पुसले. पण गावात आपण मतिमंदत्व, डोक्याला लागलेला मार आणि स्वमग्नता हे सगळं एकाच टोपलीत टाकतो. मग ऑटिझमच्या मुलाची आईही विचारत बसते, "कधी पडला होता का? कुणी मारलं होतं का? काय केलं की पूर्वीसारखा होईल?"

स्वमग्नता घालवणारं औषध आज नाही. गोळी नाही, इंजेक्शन नाही, गंडा नाही, अंगारा नाही. जो कुणी "तीन महिन्यांत पूर्ण बरा करतो" म्हणेल, त्याच्यापासून दूर राहा. उपयोग होतो तो लवकर सुरू केलेल्या शिकवण्याचा. बोलणं शिकवणारे तज्ज्ञ, हाताची कामं आणि रोजचे व्यवहार शिकवणारे तज्ज्ञ, आणि घरात रोज थोडा थोडा सराव. हे काम सावकाश चालतं. सिनेमात त्याचं एक गाणं होतं आणि गाण्याच्या शेवटी पोरगं शिकलेलं असतं. घरात त्या गाण्याला चार वर्षं लागतात.

या बाबतीत रोजची मालिका सिनेमाला मागे टाकू शकते, कारण तिच्याकडे वेळ असतो. २००९ मध्ये झी टीव्हीवर 'आपकी अंतरा' नावाची हिंदी मालिका लागली. तिची नायिका अंतरा ही लहानशी स्वमग्न मुलगी. संध्याकाळी घराघरात 'ऑटिझम' हा शब्द त्यामुळे पोचला. शिवाय ती मुलगी होती, हे महत्त्वाचं. नोंदी बघितल्या तर मुलींपेक्षा मुलगे तीन-चार पट जास्त दिसतात. पण मुलींची स्वमग्नता पुष्कळदा ओळखूच येत नाही. गप्प बसणाऱ्या, कुणाच्या डोळ्याला डोळा न देणाऱ्या मुलीला आपण काय म्हणतो? "लाजाळू आहे, गुणाची आहे." तिच्या अडचणीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

कायमचं लहान मूल

तिसरं चित्र गोडव्याचं. २०१२ चा 'बर्फी' आठवा. दुसरा 'अग्निपथ' आला त्याच वर्षी, आणि दोन्हींत प्रियांका चोप्रा होती. 'बर्फी'त ती झिलमिल झाली होती, दार्जिलिंगच्या श्रीमंत घरातली स्वमग्न मुलगी. सिनेमाने काही गोष्टी धीटपणे दाखवल्या. झिलमिलला अचाट काही येत नाही. घरच्यांना तिची लाज वाटते, तिला दूर संस्थेत ठेवतात. आणि तिलाही कुणावर तरी प्रेम करावंसं वाटतं, सोबत हवीशी वाटते. स्वमग्न बाईला मन असतं, हे मोठ्या पडद्यावर सांगितलं गेलं.

पण झिलमिल बघताना आपल्याला वाटतं ते "किती निरागस, जणू लहान मूल!" आपणही म्हणतो, "देवाचं लेकरू आहे." म्हणण्यात प्रेम असतं, पण देवाचं लेकरूसुद्धा तेरा-चौदा वर्षांचं होतं. मुलगी असेल तर तिला पाळी येते. पॅड कसं लावायचं, डाग पडला तर काय करायचं, कुणासमोर कपडे बदलायचे नाहीत, कुणी कुठे हात लावला तर ओरडायचं, हे तिला कुणी शिकवायचं? न बोलणाऱ्या मुलीवर हात टाकणाऱ्याला ठाऊक असतं, की ही सांगणार नाही. हे तीन तासांच्या गोड गोष्टीत येत नाही. हे आपल्या बैठकीत यायला हवं. चित्रं दाखवून, बाहुलीला पॅड लावून, तीच गोष्ट रोज त्याच क्रमाने करून अशा कितीतरी मुली हे शिकतात. पाळी यायच्या आधी वर्षभर सुरुवात केली तर सोपं जातं.

दोष आईचाच?

आता पुस्तकांकडे येऊ. इथली गोष्ट सगळ्यात कडू आहे.

१९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी अशा अकरा मुलांबद्दल लिहिलं आणि ऑटिझम वैद्यकाच्या पुस्तकात आला. पुढे तिथल्या काही विद्वानांनी ठरवलं, की आईने माया दिली नाही म्हणून मूल असं झालं. या आयांना नाव पडलं 'फ्रीजसारख्या थंड आया'. १९६७ मध्ये ब्रूनो बेटेलहाइम यांनी यावर मोठं पुस्तक लिहिलं, ते गाजलं, आणि हजारो बायकांनी स्वतःला गुन्हेगार मानलं. खरं तर त्याच्या तीन वर्षं आधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड यांनी पुस्तक लिहून सांगितलं होतं, की कारण शरीरात आहे, आईच्या वागण्यात नाही. ते मानसशास्त्रज्ञ होते, आणि स्वमग्न मुलाचे बापही होते. आज शास्त्राने त्यांचंच म्हणणं मान्य केलं आहे. आईच्या मायेचा आणि ऑटिझमचा काही संबंध नाही.

आपल्याकडे हे पुस्तक कुणी वाचलं नसेल, पण बोल तेच. "पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाहीस." "कामाला जातेस, पोराकडे बघत नाहीस." "मोबाइल हातात दिलास म्हणून झालं." लहान मुलाच्या हातात मोबाइल कमी द्यावा, हे बरोबरच. पण मोबाइलमुळे स्वमग्नता होत नाही.

लसीचीही अशीच एक गोष्ट पसरली. १९९८ मध्ये इंग्लंडच्या एका डॉक्टरने गोवर-गालगुंडाच्या लसीवर संशय घेणारा लेख लिहिला. वर्तमानपत्रांनी तो उचलला, लोकांनी मुलांना लस द्यायचं थांबवलं. तपासात लेख खोटा निघाला, आणि २०१० मध्ये छापणाऱ्या नियतकालिकाने तो मागे घेतला. लसीने ऑटिझम होत नाही. लस चुकवू नका.

सिनेमात या आईचं काय होतं? तिथं ती एक तर त्यागाची देवी असते, नाही तर पोराला टाकून देणारी. घरातल्या खऱ्या आईला यातलं काहीच व्हायचं नसतं. तिला रात्री चार तास सलग झोप हवी असते. लग्नाकार्याला जावंसं वाटतं. आणि मूल बाजारात जमिनीवर लोळलं तर "काय वळण लावलंय" असं कुणी म्हणू नये, एवढंच तिचं मागणं असतं.

गोष्ट सांगतंय कोण?

मांडव्याचा सिनेमा मांडव्याबाहेर तयार झाला, तसंच स्वमग्न माणसांचंही झालं. वर्षानुवर्षं त्यांची गोष्ट दुसऱ्यांनी लिहिली आणि दुसऱ्यांनीच वठवली. आता थोडं बदलतं आहे. २०१४ च्या 'यलो' या मराठी सिनेमात पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने स्वतःचीच भूमिका केली. तिला डाउन सिंड्रोम आहे. ही स्वमग्नतेहून वेगळी स्थिती, पण स्वतःची गोष्ट स्वतः उभी करायची वाट तिने दाखवली. २०२५ च्या 'सितारे जमीन पर'मध्ये आमिर खानबरोबर दहा कलाकार अशाच वेगळ्या घडणीचे घेतले. त्यांत स्वमग्न कलाकारही होते.

आणि अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन यांची गोष्ट तर गुरं सांभाळणाऱ्या बाईने ऐकावीच. त्यांचा जन्म १९४७ चा. साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत त्या बोलत नव्हत्या. संस्थेत ठेवायची भाषा झाली, आई नाही म्हणाली. मोठेपणी त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. गुरं एखाद्या वाटेने जायला का बिचकतात, हे बघायला त्या स्वतः गुरांच्या वाटेने वाकून चालत गेल्या. तेव्हा दिसलं, की लोंबणारी साखळी, फडफडणारं फडकं, जमिनीवरची सावली यांना जनावर घाबरतं. सावली, आवाज, हालचाल त्यांनाही तशीच टोचायची, म्हणून त्यांना हे कळलं. त्यांनी पुस्तकं लिहिली, २०१० मध्ये त्यांच्यावर सिनेमाही निघाला. पण हेही ध्यानात ठेवा, की टेंपलबाई एकच आहेत. प्रत्येक स्वमग्न मुलगी प्राध्यापक होणार नाही, व्हायलाही नको.

गटात काय करता येईल?

महिन्याची बचत गोळा झाली, की यातला एखादा सिनेमा मिळून बघा आणि चार प्रश्न विचारा. या मुलाला काही विशेष येत नसतं, तरी सिनेमाने त्याला माणूस म्हणून दाखवलं असतं का? त्याची आई दिवसभर काय करते, हे दिसलं का? पंधरा वर्षांनी हे मूल कुठे असेल, याचा विचार झाला का? आणि आपल्या आळीत असं मूल असतं, तर आपण या सिनेमातल्या कोणत्या शेजाऱ्यासारखं वागलो असतो?

मग खऱ्या मुलांकडे या. वर्षाचं मूल नावाने हाक मारली तरी वळून बघत नसेल, दीड वर्षाचं होऊनही हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेलं बोलणं गेलं असेल, तर थांबू नका. "बापही उशिरा बोलला होता" असं म्हणून वर्ष घालवू नका. आशाताईंना, अंगणवाडीताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. त्यांच्याकडून चिठ्ठी घेऊन अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जा. आधी कान तपासून घ्या, कारण ऐकू न येणारं मूलही हाकेला वळत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मोजली आहे, आणि स्वमग्नता त्यांत आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात ती नव्हती. म्हणजे प्रमाणपत्र मिळतं, यूडीआयडी कार्ड निघतं, शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारखर्चाचा विमा आहे. कागदपत्रांसाठी त्या आईला एकटीला हेलपाटे घालायला लावू नका. गटातली एक बाई तिच्याबरोबर गेली, तर एसटीत मूल सांभाळायला दुसरा हात असतो.

आणि आठवड्यातून दोन तास तिच्या मुलाजवळ बसा. त्याला बोलतं करायला जाऊ नका, ओढून मांडीवर घेऊ नका. ते शंख-शिंपल्यांची रांग लावत असेल, तर तुम्हीही शेजारी बसून एक रांग लावा. तेवढ्या वेळात त्याची आई न्हाऊन घेईल, जरा पडेल, नाही तर गटाच्या बैठकीला येईल.